अनाथ पान

थोरल्या लेकीची जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, शाळेच्या चौथ्या की पाचव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी सकाळी, निवृत्त रखवालदारानं संगणकावरचं एका जनावराचं पान दुरुस्त केलं. ते जतन केल्यावर सवयीनं त्या पानाच्या बदलांचा इतिहास उघडला, आणि त्याचा चहाचा हात कपापाशी पोचायच्या आतच थांबला. पुढं बराच वेळ तो तिथंच होता. कप तिथं होता, हात इथं होता, आणि मधल्या वीतभर जागेत काय करायचं असतं ते त्याला आठवेना. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर सरकवलं. तो आवाज त्याला आला, पण फार लांबून आला, म्हणजे तो स्वतः पाण्याखाली बसलाय आणि शटर काठावर आहे असा. वय एकाहत्तर. छातीत कळ वगैरे काही नव्हती, ते त्यानं आधी तपासून घेतलं. जनावर असं मध्येच गोठलं की आधी श्वास बघायचा, मग डोळे, मग पाय, हे एकतीस वर्षं प्राणिसंग्रहालयात केलेलं. श्वास चालू होता. डोळे पडद्यावर होते. पडद्यावर दोनच ओळी होत्या. वरच्या ओळीत त्याचं नाव, आजची तारीख, नऊ वाजून चाळीस मिनिटं. खालच्या ओळीत त्याच्या धाकट्या मुलीचं नाव, तारीख सतरा वर्षांपूर्वीची.

या कामाला त्याला धाकटीनंच लावलं होतं. ती आणि तिचे चार मित्रमैत्रिणी कॉलेजात असल्यापासून दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी भुरटा चोर होऊन त्या गोष्टीत शिरणार, आणि कुणाचं काय होतं ते फासे ठरवणार. पंचविशी उलटली, तिशी उलटली, एकाचे केस गेले, एकीचा घटस्फोट झाला, खेळ काही थांबला नाही. त्यांच्या त्या नसलेल्या जगात डोंगर होते, बंदरं होती, आणि चारशेच्या वर प्राणी होते. त्या सगळ्याची नोंद राहावी म्हणून धाकटीनं इंटरनेटवर त्याचा विकी केला होता. एकेका गोष्टीचं एकेक पान, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जायच्या वाटा. बायको गेल्यावर हा घरात नुसता भिंतींकडे बघत बसायचा. तेव्हा धाकटीनं आपला जुना लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, बाबा, आमच्या प्राण्यांची पानं फार कच्ची आहेत, नुसते दात आणि नखं लिहून ठेवलीत, तुम्ही जरा नीट लिहा. त्याला वाटलं होतं ही आपल्याला खुळखुळा देतेय. पण त्यानं चिखलगिळ्याचं पान वाचलं, आणि त्याच्यातला रखवालदार खवळला. दलदलीत राहणारं, बैलाएवढं जनावर, आणि ते दिवसाला किती खातं याचा पत्ता नाही. झोपतं कुठं, आजारी पडल्यावर काय करतं, काही नाही. त्यानं दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, चार दिवसांत ते पान लिहिलं. राहण्याची जागा, आहार, चाल, सवयी, आणि शेवटी विष्ठा. विष्ठेवरून जनावराचं सगळं कळतं, तोंडावरून काही कळत नाही, हे त्याचं जुनं मत. पुढच्या रविवारी त्या पाच चाळिशीला टेकलेल्या माणसांनी ते मोठ्यानं वाचून पोट धरधरून हसून घेतलं आणि एकमतानं ठराव केला की यापुढं प्रत्येक प्राण्याच्या पानावर विष्ठा हा मथळा असलाच पाहिजे. त्यांच्यात जो गोष्ट सांगायचा, जाड चष्म्याचा, त्यानं निरोप पाठवला की काका, पंधरा वर्षांत आमच्या जगाला पहिल्यांदाच वास आला.

तेव्हापासून दोन वर्षांत त्यानं त्रेचाळीस जनावरं लिहिली होती. घंटाबोकड, धुकेमाऊ, उलट्या पायांची टिटवी. नियम एकच, खेळात जे दिसलं असेल त्याला सोडून लिहायचं नाही. तो नियम त्याला आवडायचा, कारण प्राणिसंग्रहालयातल्या रोजच्या नोंदवहीचाही तोच नियम होता. जे पाहिलं ते लिहा. प्रत्येक पान जतन केल्यावर तो त्याचा इतिहास उघडायचा. तिथं कुणी, कधी, काय बदललं याची ओळ राहते. कुणी काही पुसलं तर पुसल्याचीही ओळ राहते. त्या ओळीत आपलं नाव उभं असलेलं बघायला त्याला बरं वाटायचं. ज्यानं सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत पगाराच्या कागदावर अंगठा उठवला त्याला छापील अक्षरात आपलं नाव दिसलं की जे वाटतं ते शाळेत गेलेल्याला सांगून कळायचं नाही.

त्या मंगळवारी हाताशी काम नव्हतं. पडद्याच्या कडेला एक यादी होती, तिच्याकडे आजवर त्याचं लक्ष गेलं नव्हतं. अनाथ पानं. ज्या पानाकडे दुसऱ्या कुठल्याही पानावरून वाट येत नाही ते पान अनाथ. असतं, पण कुणी तिथं पोचत नाही. अनाथ म्हटल्यावर त्याला राहवेना. आईनं टाकलेली पिल्लं, दुधाची बाटली, उबेसाठी गोणपाटात गुंडाळलेली गरम वीट. यादीत एकच पान होतं. उंबऱ्या. आठ-दहा ओळींचं, धड मथळे नाहीत. कुणीतरी घाईत टाकून दिलेलं पोर असावं तसं.

पानावर होतं ते असं. उंबऱ्या घरातच राहतो, पण त्याला घरात आलेलं कुणी पाहिलेलं नाही. संध्याकाळी तो येतो आणि उंबऱ्यावर बसतो. अंगाला कच्च्या मांसाचा आणि फिनेलचा वास. चालताना लोखंड वाजतं. दात आणि नखं वापरत नाही. ज्याच्यावर रागावतो त्याच्याकडे बघायचं थांबवतो. तो ज्या मुलाकडे बघत नाही ते मूल आधी कडांनी पुसट होतं, मग त्याचा आवाज जातो, मग ते आरशातसुद्धा नीट दिसत नाही. घरातल्या बाकीच्यांना ते दिसत राहतं, पण मुलाला त्याचा उपयोग नसतो. पूर्ण दिसेनासं व्हायला अकरा महिने लागतात. उपाय माहीत नाही.

वाचून त्यानं जीभ टाळूला लावून च्यक केलं. लिहिणाऱ्यानं जनावर पाहिलं होतं हे उघड होतं. वास लिहिणारा माणूस खोटं लिहीत नाही. पण पाहिलं एक आणि समजला भलतंच. अकरा महिने राग धरणारं जनावर त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हत्ती धरतो म्हणतात, पण तो मोठ्या माणसावर, पोरावर नाही. त्यानं बाह्या सरसावल्या आणि मथळे पाडले. आहार, माहिती नाही. विष्ठा, माहिती नाही, कारण निरीक्षण फार लांबून झालेलं दिसतं. मग सवयी. तिथं त्यानं रागावतो हा शब्द काढला आणि लिहिलं, नजर काढून घेणारं जनावर रागावलेलं नसतं, घाबरलेलं असतं. राग आलेलं जनावर रोखून बघतं. जे तोंड फिरवून भिंतीकडे बसतं त्याला समोरच्याची भीती वाटत असते, मग समोरचा आकारानं कितीही लहान असो. आणि उपाय या रिकाम्या जागी, एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून, त्यानं लिहिलं की अशा जनावराच्या अंगावर जाऊ नये. त्याला हाका मारू नयेत. त्याच्या रोजच्या जागेपाशी त्याच्या उपयोगाची एखादी वस्तू ठेवावी आणि निघून जावं. ते ती वस्तू घेईल. घेतली असं दाखवणार नाही, पण घेईल. काम मनासारखं झालं होतं. त्यानं जतन केलं. आणि इतिहास उघडला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याची आई त्याच्यावर लहानपणी दिवसातून चारदा वापरायची. आता ती म्हणायला आई नव्हती, बायकोही नव्हती. त्यानं पान पुन्हा वाचलं. या वेळी अक्षरं वाचली नाहीत, अक्षरांनीच त्याला वाचलं म्हणायला हरकत नाही. कच्चं मांस आणि फिनेल. कपडे दोनदा धुतले तरी वास जायचा नाही, बायको त्याचे सदरे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. लोखंड म्हणजे किल्ल्या. चौदा पिंजऱ्यांच्या चौदा किल्ल्या, कमरेच्या कड्यात, घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या. दारात बसून बूट काढायचा, आणि काढून झाल्यावरही बराच वेळ तिथंच बसून राहायचा, कारण आत एकदम गेलं की पोरींना वास येतो. ते त्यानं पोरींसाठी केलं होतं. असं त्याला सतरा वर्षं, नाही, पंचवीस वर्षं, नाही, आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत वाटत होतं. आणि पानाच्या डोक्यावर एक बारीक आकडा होता, प्रत्येक पानाला असतो, कितवं पान ते सांगणारा. त्याच्या चिखलगिळ्याला दोनशे काहीतरी होता. उंबऱ्याचा होता एक. त्या सगळ्या जगात डोंगर व्हायच्या आधी, समुद्र व्हायच्या आधी, पहिल्यांदा तो झाला होता.

बोट आपोआप धाकटीच्या नावावर गेलं. नावावर दाबलं की त्या माणसानं आजवर केलेला प्रत्येक बदल दिसतो. त्यानं आजवर कधी दाबलं नव्हतं, मुलीच्या कपाटात हात घालू नये तसं ते वाटायचं. तो खाली खाली सरकत गेला. दोन वर्षांपूर्वी, त्याची बायको जाऊन तीन आठवडे झाले होते त्या दिवशी, एका दुपारीत अकरा ओळी होत्या, एकीखाली एक. घराचं पान, उंबऱ्याकडची वाट काढली. बंदराचं पान, उंबऱ्याकडची वाट काढली. हरवलेल्या मुलांचं पान, उंबऱ्याकडची वाट काढली. अकरा पानांवरून अकरा वाटा तिनं एकेक करून उपटल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणून त्याच्यासमोर ठेवला होता. पान मात्र तिनं पुसलं नव्हतं. पुसायला एक बटण पुरतं, त्याला ठाऊक होतं. तिनं अकरा वेळा कष्ट घेतले होते आणि ते एक बटण दाबलं नव्हतं.

चहावर साय धरली. त्याला ते दिसत होतं. अकरा महिने. त्यानं कधी मोजलेच नव्हते. त्याच्या हिशेबी ते दिवस म्हणजे मधे थोडी कुरबूर झाली होती, एवढंच. घरोघरी मातीच्या चुली. पोरगी तेरा वर्षांची होती. त्या वर्षी प्राणिसंग्रहालयात नवा डॉक्टर आला, आणि त्यानं फर्मान काढलं की प्रत्येक रखवालदारानं रोज आपल्या पिंजऱ्याची नोंद लेखी द्यायची. तोवर सगळे कारकुनाला तोंडी सांगत. याला अक्षर येत नव्हतं, ते डॉक्टरला सांगायची लाज वाटली, म्हणून वही घरी यायची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी धाकटी पाय हलवत बसायची आणि हा सांगेल ते लिहायची. मोठ्या मोठ्या गोल अक्षरांत. किती खाल्लं, किती टाकलं, शी कशी झाली. तिला हसू यायचं. म्हणायची, बाबा, माझ्या वर्गात कुणालाच अस्वलाची शी माहीत नाही. त्याच्याकडे एक म्हातारी अस्वलीण होती. पिल्लू असताना आली होती, आंधळी, दोन मुठींएवढी, बाटलीनं दूध पाजून त्यानंच वाढवलेली. एका डोळ्यात आता मोती पडला होता. तिनं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी त्यानं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यांना मध लावून बघितला. तिसऱ्या दिवसापासून तो न खाल्लेलं अन्न बादलीत भरून वर गवत टाकून बाहेर न्यायला लागला, कारण न खाणाऱ्या म्हाताऱ्या जनावराचं हा डॉक्टर काय करतो ते सगळ्यांना माहीत होतं. आणि रोज संध्याकाळी टेबलाशी बसून सांगायचा, लिही, सगळं खाल्लं. सहाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. धाकटी त्याचा डबा घेऊन आली तेव्हा तो अस्वलिणीपाशी बसून रडत म्हणत होता, सहा दिवस झाले, खा की गं, आणि मग पिंजऱ्यामागं जिथं तो बादली रिती करायला गेला तिथं ती येऊन उभी राहिली. त्यानं तिच्या हातून डबा घेतला. संध्याकाळी तो म्हणाला, लिही, सगळं खाल्लं. तिनं वहीत बघत लिहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहिलं, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती वही त्यानं स्वतःच्या हातानं डॉक्टरच्या टेबलावर ठेवली, आणि डॉक्टरनं ती सगळ्यांसमोर वाचली, झाडूवाला होता, कारकून होता, दोन्ही पाळ्यांचे रखवालदार होते. सहा दिवस काही खाल्लं नाही. बाबा बादली लपवतात. बाबा तिच्याजवळ बसून रडतात.

पुढचं तो कधी सलग आठवत नसे. पोटात गाठ होती, डॉक्टर म्हणाला, फार दिवसांची, तिला सोसवत नसणार, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. डॉक्टरचा तो आवाजही आजच्या शटरसारखाच पाण्यापलीकडून आला होता. सुई दिली तेव्हा अस्वलीण त्याच्याकडे बघत होती, चांगल्या डोळ्यानं. घरी येऊन तो दारात बसला, बूट काढले, आणि धाकटी समोर आली तेव्हा त्याची मान आपोआप भिंतीकडे वळली. मारलं नाही. शिवी दिली नाही. घरातल्यांना तो सांगत असे, मी पोरींवर कधी हात उचलला नाही, आणि ते खरं होतं. वही त्यानं पुन्हा तिच्यापुढं ठेवली नाही. अक्षर स्वतः शिकायचं ठरवलं, कुणाची गरज नको म्हणून. आणि शिकला, हट्टानं, बूट काढायच्या त्या जागी बसून. तिथं चपलांच्या फळीवर पहिलीचं जुनं पुस्तक पडलेलं असायचं. ते संपलं की दुसरीचं यायचं. मग कोऱ्या कागदावर ठिपक्यांनी काढलेली अक्षरं, गिरवायला. त्याला वाटायचं बायको ठेवतेय. बायकोला चार अक्षरं येत होती, पण तिची अक्षरं बारीक आणि तिरकी होती. ही मोठी होती. गोल होती.

पडद्यावर त्याचंच वाक्य होतं, तासाभरापूर्वीचं. त्याच्या उपयोगाची एखादी वस्तू ठेवावी आणि निघून जावं. घेतली असं दाखवणार नाही, पण घेईल. तेरा वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं ते त्याला कळायला एकतीस वर्षांची नोकरी लागली, आणि तेही दुसऱ्या कुठल्या तरी जनावराबद्दल. वाचता यायला लागल्यावर एके दिवशी त्यानं कचेरीत जुनी वही काढून ते पान स्वतः वाचलं होतं. तीन ओळी वाचायला त्याला दहा मिनिटं लागली होती. त्या रात्री जेवताना तो धाकटीला म्हणाला, मीठ दे. अकरा महिन्यांनंतरचे पहिले दोन शब्द. तिनं मीठ दिलं. त्याला वाटलं, मिटलं. मीठ मागितलं म्हणजे मिटलंच की.

बदल मागं घ्यायचं बटण होतं. दाबलं तर पान पूर्वीसारखं होईल, पण दाबल्याची ओळ राहील. शिवाय कुठल्याही पानाला हात लागला की धाकटीच्या फोनवर सूचना जाते, हे तिनंच त्याला सांगितलं होतं, मोठ्या कौतुकानं, की बाबा, तुम्ही लिहायला बसलात की मला प्रयोगशाळेत कळतं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, दुपारच्या सुट्टीपर्यंत फोन कपाटात ठेवावा लागे. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. एक वाजेपर्यंत तो खुर्चीतच बसून राहिला. बटण दाबलं नाही, आणि दाबणार नाही असंही ठरवलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या मनात बादली होती, वर गवत टाकलेली.

एक वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. तिनं विचारलं जेवलात का, तो म्हणाला अजून नाही. तिनं विचारलं औषध घेतलं का, तो म्हणाला घेतो. मागं कुणाच्या तरी डब्यांचे आवाज येत होते. मग ते लांब गेले, म्हणजे ती उठून कुठं तरी बाजूला गेली असावी.

"बघितलं मी," ती म्हणाली.

त्यानं लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला.

"एकच विचारते, बाबा. लिहिताना तुम्हाला माहीत होतं?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. हो म्हणायचं. हो, ओळखलं होतं, म्हणूनच लिहिलं, तुझ्यासाठी लिहिलं. किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, त्यालाही बरं वाटलं असतं. लिही, सगळं खाल्लं. त्याला ते वाक्य स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, आणि समोर टेबलाशी हलणारे दोन पाय दिसले.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, असेल कुठलं तरी जनावर. तुझं नाव मी नंतर पाहिलं."

पलीकडे तिनं नाक ओढलं, आणि ओढता ओढता थोडं हसली.

"मग राहू द्या तसंच. माहीत असून लिहिलं असतंत ना, तर मी आत्ता काढून टाकलं असतं."

"बरं."

"चष्मेवाला विचारत होता, विष्ठेची माहिती नाही असं कसं म्हणून."

"त्याला सांग, जनावर लाजाळू आहे."

ती आता नीट हसली. मग थांबली. "भीती कसली वाटत होती पण, त्याला? तेवढंच नाही लिहिलंत."

तो म्हणाला, लिहितो. फोनवर त्याला कधी धड बोलता यायचं नाही. ती म्हणाली, जेवून घ्या आधी, आणि फोन ठेवला.

तो जेवला नाही. साय धरलेला चहा त्यानं मोरीत ओतला, कप विसळला, पालथा घातला, आणि परत येऊन बसला. उंबऱ्याच्या पानात त्यानं भर घातली एकाच ओळीची, सवयी या मथळ्याखाली, की मुलानं त्याला खोटं बोलताना पाहिलेलं असतं, म्हणून त्याला मुलाची भीती वाटते. जतन करायच्या आधी विकी दर वेळी एक लहान चौकट पुढं करतो आणि विचारतो, बदल का केला. आजवर त्रेचाळीस जनावरांना त्यानं तिथं एकच उत्तर दिलं होतं, माहिती वाढवली. त्या चौकटीत लिहिलेलं पानावर दिसत नाही. पण इतिहासात राहतं, आणि तिथून ते कुणालाच पुसता येत नाही. त्यानं दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, नोंदवहीत लिहायचं तसं लिहिलं. अस्वलीण सहा दिवस खात नव्हती. रखवालदारानं सगळं खाल्लं असं सांगितलं, ते खोटं होतं. मुलीनं लिहिलं ते खरं होतं. अस्वलीण मेली ती, धाकटी तेरा वर्षांची होती त्या वर्षी, बुधवारी, सकाळी सव्वादहा वाजता.